ढगे यांचा पत्ता

पत्र आलं त्या दिवसापासून घोडमाऱ्यांच्या घरात दोन शास्त्रज्ञ राहायला लागले. एक डॉक्टर अन्नपूर्णा घोडमारे आणि दुसऱ्या डॉक्टर कोकिळा ढगे. दोघी जेवायच्या एकाच ताटात, दोघींचं कुंकू एकाच कपाळावर, आणि तरी प्रागच्या त्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने दोघींना दोन माणसं धरलं होतं. त्या बिचाऱ्याला तरी काय दोष द्यायचा? आपल्याकडे पोरगी लग्नाला उभी राहिली की बापाचं नाव, आडनाव आणि स्वतःचं नावसुद्धा माहेरी ठेवते, आणि ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं नवं नाव घेऊन सासरी उभी राहते, हे त्याला कोणी सांगितलं असणार?

पत्राचा मजकूर अन्नपूर्णाताईंच्या नवऱ्याने, वासुदेवरावांनी, मराठीत उतरवून काढला होता. वर्धेच्या हायस्कुलात गणित शिकवणारा माणूस. अक्षर देखणं, भाषा परीक्षेच्या पेपरातली.

"प्रिय डॉ. घोडमारे, निर्गुडीच्या पानांतील द्रव्यावरचा तुमचा १९७७ सालचा निबंध आमच्या फार उपयोगी पडला. हे द्रव्य प्रथम वेगळे काढणारे के. ए. ढगे यांच्याकडून रेणूची रचना मांडताना जी चूक झाली, ती तुम्ही सप्रमाण दाखवून दिलीत. आमच्या आगामी ग्रंथात या विषयावर एक प्रकरण तुम्ही आणि ढगे, दोघांनी मिळून लिहावे अशी इच्छा आहे. मात्र १९७३ नंतर ढगे यांचे काहीच लेखन आढळत नाही. ते हयात असल्यास कृपया त्यांचा पत्ता कळवावा. उत्तर मार्चअखेर मिळावे."

वासुदेवरावांनी शनिवारी समुद्रपूरला जाऊन हे घरात वाचून दाखवलं, आणि तासाभरात थोरल्या भावाने, रूपरावांनी, सत्काराचं ठरवून टाकलं. रूपरावांना सोसायटीच्या निवडणुकीनंतर माइकसमोर उभं राहायला मिळालं नव्हतं. पुढच्याच रविवारी, होळी होऊन पाच दिवस झाले होते, अंगणात मांडव पडला, वर्धेहून रंगवून आणलेला कापडी फलक लागला: "डॉ. सौ. अन्नपूर्णाताई वासुदेवराव घोडमारे यांचा भव्य सत्कार".

ज्यांचा सत्कार त्या अन्नपूर्णाताई फलकाखाली खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या पर्समध्ये प्रागला जायचं निळं हवाई पत्र अकरा दिवसांपासून कोरं पडलं होतं. उद्या सोमवारी ते टपालात पडलं नाही तर महिनाअखेर पोचणार नव्हतं. लिहायचं काय ते ठरलेलं होतं. खाली सही कोणत्या नावाने करायची, ते ठरत नव्हतं. प्रकरण ज्या नावाने छापलं जाईल, त्याच नावाने जग त्यांना पुढे शोधणार. हे नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातात आलं होतं.

नानाजी घोडमारे मात्र सकाळपासून जमिनीवर नव्हते. सत्तरीचा माणूस, धुवट धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. आलेल्या प्रत्येकाला धरून सुनेची कीर्ती समजावत होते.

"हे पाय, माह्या सुनेनं कागद लिवला. तो साऱ्या दुनियेत गेला. आता जपानचा मानूस कागद लिवते, अन् खाली लिवते का बाप्पा, हे मी घोडमारेबाईपासून घेतलं. म्हंजे आपल्या इहिरीवर किती लोकं पानी भरून गेले, त्याची गनती. एकोनीस! एकोनीस गावचे लोकं आपल्या इहिरीवर!"

"जपानचे बी?" रामाजी न्हाव्यानं विचारलं.

"जपानचे, जर्मनीचे, अन् हंगेरी म्हून एक हाये तिथचे."

ही गणती वासुदेवरावांची. दर दोन-तीन महिन्यांनी ते नागपूरला जायचे, लायब्ररीत सायटेशन इंडेक्सचे उशीएवढे जाड खंड काढायचे आणि भिंगातून मुंगीएवढी अक्षरं वाचत बायकोचं नाव शोधायचे. कुणाचा निबंध कुणी, कुठं आधाराला घेतला, ते सगळं त्यात असायचं. वहीत त्यांनी दोन पानं केली होती. एकावर घोडमारे, एकावर ढगे. दुसरं पान त्यांनी समुद्रपुरात कधी कुणाला दाखवलं नव्हतं. वडिलांसमोर ते काढायची त्यांची छाती झाली नव्हती, इतकी साधी गोष्ट.

अण्णाजी ढगे आले ते कार्यक्रम सुरू झाल्यावर. हिंगणीहून सेलू, सेलूहून वर्धा, वर्धेहून हिंगणघाट, तिथून समुद्रपूर. चार एसट्या बदलून, हातात वांग्यांची थैली घेऊन. वांग्यांवर त्यांनी निर्गुडीचा हिरवा फाटा ठेवला होता. त्यांच्या वाडीच्या कुंपणाला निर्गुडी होती, आणि कुंपणालगतच्या वांग्यांना कीड कमी लागते हे त्यांनी पोरीला ती दहा वर्षांची असताना दाखवलं होतं. पोरगी "काऊन?" म्हणाली होती. त्या काऊनचं उत्तर शोधायला ती नागपूरला गेली, एम. एस्सी. झाली, डॉक्टर झाली. अण्णाजींनी फलक वाचला, एकदा खालून, एकदा वरून. ढगे कुठंच नव्हतं. ते मागच्या सतरंजीवर बसले.

आणि रूपरावांनी माइकवर पत्र वाचायला घेतलं. "ढगे यांच्याकडून जी चूक झाली" इथे ते थांबले, मान वर केली आणि सभेकडे बघून म्हणाले, "चूक झाली ढग्याकडून, अन् ती कोनं धरली? तं आपल्या घोडमाऱ्यानं!"

टाळ्या पडल्या. मागून आवाज आला.

"थांबा जरासक!"

अण्णाजी उभे राहिले होते. हातात अजून वांग्यांची थैली.

"माह्या पोरीची चूक काढनारा हा घोडमारे कोन होय?"

बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळा मांडव हसायला लागला. कोकिळा तेवढी हसली नाही. बापाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला इतक्या लांबून दिसल्या.

पाहुणे जेवून गेले. घरची माणसं ओसरीवर उरली, आणि मग खरी सभा भरली.

"इवाई, तुमी भर सभेत आमचा पानउतारा केला," नानाजी व्याह्यांना म्हणाले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, म्हणजे राग खरा होता.

"पानउतारा कोनाचा झाला? मी चार गाड्या बदलून आलो अन् इथं आयकतो का ढगे चुकला! अन् तो हयात हाये का, हे बी इचारून राह्यले लोकं. बापाच्या कानानं हे आयकायचं?"

"अण्णाजी, ते बाहेरच्या मानसाले समजलं नाई म्हून त्यानं तसं लिवलं," रूपराव म्हणाले.

"त्याले नाई समजलं. तुमाले तं समजते नं? मंग तुमी माइकवर टाळ्या कायच्या घेतल्या?"

रूपरावांनी नखांतला होळीचा रंग कोरायला सुरुवात केली.

"एक सांगा जवाईबापू," अण्णाजी वासुदेवरावांकडे वळले. "एकोनीस एकोनीस आयकतो मी सकायपासून. हे घोडमाऱ्याचे झाले. ढग्याचे किती?"

वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिलं. ती निर्गुडीचं पान बोटांत चुरत होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तर खोटं बोललो नसतो, असं ते स्वतःला समजावत आले होते. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"एकेचाळीस," ते म्हणाले.

"किती?" नानाजींचा अडकित्ता थांबला.

"एकेचाळीस, बाबा. लग्नाआधीचे तिचे चार निबंध. त्यातल्या पयल्यालेच एकतीस जागी आधार म्हून घेतलं हाये. अजून घेऊन राह्यले. मागच्या साली सात झाले."

"सात? एका साली?" अण्णाजींचा राग कुठल्या कुठे गेला. ते चक्क हसले, पुढचा पडका दात दिसेपर्यंत. "आयकलं का इवाई? एकेचाळीस! इहीर खोदली ढग्यानं!"

"गाळ काढला घोडमाऱ्यानं!" नानाजी कडाडले. "गाळाचं पानी कोन पिते? साफ झाली तवा लोकं आले!"

"अवो, एकेचाळीस कुठं अन् एकोनीस कुठं!"

"तुमचे नऊ-दहा सालाचे, आमचे पाच सालाचे! सालाचा हिसाब लावा मंग बोला! वासू, लाव हिसाब!"

आणि गणिताचे मास्तर खरोखर पेन्सिल काढून भागाकार करायला बसले, याला काय म्हणावं! दोन म्हातारे त्यांच्या दोन्ही बाजूंनी वहीवर वाकले. एकाच बाईचं एक पान एकाच्या हाताखाली, दुसरं दुसऱ्याच्या.

"बस करा," कोकिळा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण ती या ओसरीवर असं कधी बोलली नव्हती.

"मामाजी, बाबा, मी इथं बसली हाये. एक बी नंबर मले इचारून आला नाई. तो पहिला निबंध लिवला तवा मी चोवीस वर्षांची होती. एक हायड्रॉक्सिल, एक कडी समजा, मी चुकीच्या जागी जोडली. चार साल मले त्याची झोप नाई. लग्न झालं, वर्धेच्या नालवाडीत आली, कॉलेजात धड गॅस नाई, नमुना तपासाले बाहेर पाठवला तं आठ-आठ महिने वाट पाहाची. तरी मी पुन्हा पानं उकळली, पुन्हा काढलं, अन् कडी कुठं हाये ते सिद्ध केलं. माही चूक मीच शोधली. पन छापून आलं तवा जगाले वाटलं, घोडमाऱ्यानं ढग्याले पाडलं. चूक बी माहीच हाये अन् दुरुस्ती बी माहीच. दोन्ही मले पायजे. एक बी कोनाले देत नाई मी."

नानाजी म्हणाले, आवाज उतरलेला, पण मान ताठ, "मंग सही कोनती करतेस?"

"तेच समजत नाई, मामाजी. ढगे लिवलं तं तुमचं मन दुखते. घोडमारे लिवलं तं बाबाची पोरगी मेली, असंच छापून येईन."

"घरचं नाव सोडून माहेरचं नाव? समुद्रपुरात मी काय सांगू? आमच्या घरात पद्धत हाये. अन्नपूर्णा नाव मीच काढलं होतं. कोकिळा म्हंजे पाखराचं नाव, म्हन्लं, घरात अन्नपूर्णा पायजे." नानाजींनी रूपरावांकडे पाहिलं. रूपराव नेहमीप्रमाणे "बरोबर हाये" म्हणतील असं त्यांना वाटलं. पण रूपराव टाळ्यांच्या शरमेत होते. ते म्हणाले, "बाबा, मले तं इचारू नका. मी आज लई बोललो."

सगळं स्वयंपाकघराच्या दारातून सासू कुंताबाई ऐकत होत्या. पंचेचाळीस वर्षं त्यांनी या घरातली प्रत्येक सभा त्या दारातूनच ऐकली होती. सत्काराच्या भाषणात त्यांचं नाव आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. पण शहात्तर सालच्या हिवाळ्यात त्या नालवाडीला दोन महिने राहिल्या होत्या आणि सुनेसाठी दीड मण निर्गुडी सावलीत वाळवली होती, उन्हाचा कवडसा लागू न देता, दिवसातून तीनदा हाताने उलटून. सून म्हणाली होती, आत्याबाई, तुमचं एक पान काळं पडलं नाही. इतकं कौतुक त्यांचं कधी झालं नव्हतं.

कुंताबाई आत गेल्या आणि पितळी ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात तांदूळ पसरले होते, हाताने सारखे केलेले.

"हे काय व?" नानाजींनी विचारलं.

"तेच ताट हाये. नऊ साल झाले." त्यांनी ताट सुनेपुढे ठेवलं. "त्या दिवशी वासूनं लिवलं. तुमी सांगतलं अन् त्यानं लिवलं. हिले कोनी इचारलं होतं? मी बाजूलेच बसली होती, मी बी नाई इचारलं. आज हीच लिवन."

"रूपाची माय, तू यात नोको पडू."

"काऊन नोको पडू? या ओसरीवर नावाचं समजते कोनाले? तुमची नावं जलमापासून एकच." कुंताबाई खाली बसल्या. गुडघा दुखत होता, तो त्यांनी हाताने सरळ केला. "माहं माहेरचं नाव गोपिका. हाये का कोनाले मालूम? वासू, तुले?"

वासुदेवरावांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांना आपल्या आईचं नाव समजत होतं.

"गोपिका होती. चौदा सालाची. कबड्डीत पोट्ट्यायले भारी पडे. तांदळात बोट फिरवलं, अन् गेली. भाऊ होता तवरोक तो हाक मारे. तो गेल्यावर कोनी नाई." त्या सुनेकडे वळल्या. "बाई, तुह्या कोकिळेचा पत्ता तं सात समुंदरापलीकडचा मानूस इचारून राह्यला. इतका मोठा मानूस, टिकिट लावून इचारते, बाप्पा, ती हाये का, कुठं हाये. माह्या गोपिकेचा पत्ता या घरातल्या मानसानं बी इचारला नाई. तुहा इचारला. त्याले उत्तर दे."

अण्णाजींनी डोळ्यांना दुपट्टा लावला. नानाजी अडकित्त्याकडे बघत राहिले.

कोकिळाने तांदळांवर बोट ठेवलं. तिने लिहिलं, इंग्रजीत, निबंधावर छापतात तसं: के. ए. ढगे. क्षणभर बघितलं आणि त्याच ओळीत, जागा पुरवून, पुढे लिहिलं: घोडमारे. आणि पर्समधून निळं हवाई पत्र काढून तिथेच, ताटाशेजारी, गुडघ्यावर वही ठेवून एका दमात भरून टाकलं. अकरा दिवस अडलेलं पत्र दहा मिनिटांत झालं.

"वाचून दाखव," नानाजी म्हणाले. विनंती होती ती.

ती मराठीत सांगू लागली. "सप्रेम नमस्कार. ढगे हयात आहेत. लग्नानंतर त्यांचं नाव बदललं, आमच्याकडे तशी रीत आहे. ज्यांनी चूक केली आणि ज्यांनी ती दुरुस्त केली, त्या दोघी मीच. त्यामुळे प्रकरण दोघींनी मिळून लिहायला काहीच अडचण नाही. ते के. ए. ढगे-घोडमारे या नावाने छापावं, आणि दोन्ही नावांचे सगळे निबंध एका यादीत घ्यावेत. हिंगणीच्या ज्या कुंपणातली पानं मी वापरली, ते अण्णाजी ढगे यांचं. आणि दुसऱ्या वेळी पानं ज्यांनी वाळवली, त्या गोपिका घोडमारे. दोघांचे आभार शेवटी छापावेत, ही विनंती."

"साठ," वासुदेवराव पुटपुटले.

"काय साठ?" अण्णाजींनी विचारलं.

"एकेचाळीस अन् एकोनीस. एका यादीत साठ होतात."

"साठ!" दोन्ही म्हातारे एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून दोघांनाही जरा लाज वाटली. मग नानाजींनी सुपारीचं खांड अण्णाजींच्या हातावर ठेवलं. "इवाई, साठ गावचे लोकं! आपल्या दोघायच्या गावात बी एवढे इहिरीवर येत नाई."

"अन् तो फलक?" रूपरावांनी मांडवाकडे बोट केलं.

"उतरव. दुसरा रंगवून आन," नानाजी म्हणाले. "नाव लंबं हाये, कापड जास्त घेजो."

कोकिळा हसली. खूप दिवसांनी आवाज करून हसली. कुंताबाई तोवर ताट उचलून आत गेल्या होत्या. पुसून टाकायच्या आधी त्यांनी ती अक्षरं जरा वेळ पाहिली, वाचता येत नव्हती तरी. मग चुलीपाशी बसल्या.

बाहेर एसटीची वेळ होत आली होती. अण्णाजी थैली रिकामी करून उठले, तशी नानाजींनी त्यांना हाताला धरून बसवलं. चहाशिवाय व्याही जातो कसा! त्यांनी दाराकडे तोंड केलं, नेहमीची हाक जिभेवर आली, आणि ते थांबले. घसा खाकरला. मुलांकडे, सुनेकडे न बघता, जरा चिडल्यासारखी हाक मारली.

"गोपिका! चाय ठेवजो व!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"गोपिका!"

कुंताबाई दारात आल्या. त्यांनी आधी ओसरीवर पाहिलं, मग अंगणात, कोण पाहुणी आली ते बघायला. मग नानाजींकडे पाहिलं. नानाजी त्यांच्याचकडे बघत होते.

"मले म्हन्लं का?"

"तुलेच."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिथंच उभ्या राहिल्या. चौदा वर्षांच्या पोरीसारखं तोंड झालं होतं.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "पन आणखी एकडाव हाक मारा."